बीच बॉईजचा अर्धवट राहिलेला ‘स्माइल’ घरी कसा जोडावा

‘स्माइल’ हा बीच बॉईज या अमेरिकी बँडचा अल्बम १९६७ च्या सुरुवातीला बाजारात यायचा होता. कॅपिटॉल कंपनीने साडेचार लाखांच्या वर वेष्टनं छापून ठेवली. मागच्या बाजूला बारा गाण्यांची नावं होती, पण ती वाजवायच्या क्रमाने नव्हती. खरा क्रम तबकडीच्या लेबलवर पाहा, अशी ओळ खाली होती. तबकडी आलीच नाही. मे १९६७ मध्ये काम गुंडाळल्याची बातमी आली आणि सप्टेंबरात ‘स्मायली स्माइल’ नावाचा वेगळाच, पुष्कळसा नव्याने रेकॉर्ड केलेला अल्बम निघाला. त्यामुळे ‘अधिकृत क्रम’ शोधण्यात वेळ घालवू नका. बँडचा मुख्य संगीतकार ब्रायन विल्सन गाणी सुट्या तुकड्यांतच रेकॉर्ड करत होता आणि जोडणी नंतर करणार होता. ती उरलेली जोडणी कशी करायची, ते पुढे दिलं आहे.

आधी साहित्य

२०११ मध्ये आलेला ‘द स्माइल सेशन्स’ हा संच पुरेसा आहे. त्याच्या पहिल्या डिस्कवर १९ तुकड्यांचा जवळपास पूर्ण अल्बम मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजात, मिळतो. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि तो मोनोमध्येच मिक्स करायचा, म्हणून आपणही मोनोच ठेवायचं. ‘कॅबिन इसेन्स’ १९६९ च्या ‘२०/२०’ वर आणि ‘सर्फ्स अप’ १९७१ च्या त्याच नावाच्या अल्बमवर स्टिरिओत आहे, पण ती रूपं इथे मिसळू नका. स्टिरिओचा मोनो केला की मधोमध ठेवलेला आवाज कडेच्या वाद्यांपेक्षा सुमारे ३ डेसिबलने वर येतो आणि ते गाणं आजूबाजूच्या गाण्यांपेक्षा वेगळं पडतं.

२००४ चं ब्रायनचं एकट्याच्या नावावरचं रेकॉर्डिंग सुंदर आहे, पण ते दुसरे वादक आणि साठी ओलांडलेला गळा. त्यातून एकही तुकडा घेऊ नका. त्यातली तीन भागांची रचनाही ३७ वर्षांनंतरची आहे. २०११ च्या डिस्कने बहुतांशी तोच क्रम धरला, म्हणून ती डिस्क सलग लावली की ‘१९६७’ ऐकल्यासारखं वाटत नाही. १९६७ हवा असेल तर तबकडीसारख्या दोन बाजू हव्यात, आणि प्रत्येक बाजू वीस मिनिटांच्या आसपास. एलपीवर बाजू त्याहून फार लांबली की खाचा जवळजवळ घ्याव्या लागत आणि आवाजाची पातळी उतरवावी लागे.

क्रम कागदावर मांडा

संगणक उघडण्याआधी हे करा, नाहीतर तुकडे इकडून तिकडे सरकवण्यातच संध्याकाळ जाते. छापील यादीतली बाराही नावं सांभाळणारी एक मांडणी अशी:

पहिली बाजू: ‘अवर प्रेयर’, ‘हीरोज अँड व्हिलन्स’, ‘डू यू लाइक वर्म्स’, ‘द ओल्ड मास्टर पेंटर’, ‘आय अॅम इन ग्रेट शेप’ व त्याला जोडून ‘बार्नयार्ड’, ‘कॅबिन इसेन्स’, ‘वंडरफुल’. एकूण सव्वाअठरा मिनिटं.

दुसरी बाजू: ‘गुड व्हायब्रेशन्स’, ‘व्हेजिटेबल्स’, ‘विंड चाइम्स’, ‘फायर’, ‘चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’, ‘सर्फ्स अप’. साधारण वीस मिनिटं.

‘अवर प्रेयर’ यादीत नव्हतं, पण शब्दांशिवायचं ते समूहगान दार उघडायला इतकं योग्य आहे की ते बाहेर ठेवणं हा हट्ट ठरेल. यादीतल्या ‘द एलिमेंट्स’ची जागा ‘फायर’ने भरायची, पंचमहाभूतांसारख्या त्या कल्पनेतला निश्चितपणे ओळखता येणारा भाग तेवढाच आहे. ‘विंड चाइम्स’ म्हणजे वारा आणि ‘व्हेजिटेबल्स’ म्हणजे जमीन, हा चाहत्यांचा अंदाज. तरीही ‘विंड चाइम्स’च्या शेवटी एकावर एक रचलेल्या पियानोंनंतर ‘फायर’चा गोंगाट सुरू झाला की तो अंदाज पटायला लागतो.

‘सर्फ्स अप’ शेवटीच ठेवा. त्याच्या समारोपात ‘चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’चीच ओळ परत येते, ते गाणं लगेच आधी असेल तर ही ओळ आठवणीसारखी ऐकू येते. दोन्ही लांब ठेवली तर ते नातं कानातून सुटतं.

कापणं आणि जोडणं

डिस्कवरून ४४,१०० हर्ट्झच्या वेव्ह फाइली करून घ्या. एमपीथ्रीवर काम करू नका. एमपीथ्री बनवणारा एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचे काही नमुने (डिजिटल आवाजाचे सूक्ष्म कण) भरतो आणि सलग जोडलेल्या गाण्यांत खोबणी पडते. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला भरपूर आहे.

काप नेहमी ठोक्याच्या आधी घ्यायचा. ढोलाचा किंवा पियानोचा आघात लहरींमध्ये उभ्या भिंतीसारखा दिसतो. त्या भिंतीच्या ५ ते १० मिलिसेकंद अलीकडे कापा. मग दोन्ही टोकांवर १५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत असताना दुसरा वर येतो. हा आकडा हवेतला नाही. पाव इंची टेप ४५ अंशांत कापली की तिरका काप टेपच्या लांबीवर पाव इंच पसरतो, आणि सेकंदाला १५ इंच वेगाने तो सुमारे १७ मिलिसेकंदांत जातो. ब्लेडने जोडलेल्या टेपचा सांधा असाच ऐकू येतो. क्रॉसफेड ५०-६० मिलिसेकंदांपर्यंत नेलात तर दोन ठोके एकावर एक पडतात आणि ढोल अडखळल्यासारखा वाटतो. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे सगळेच सांधे गुळगुळीत करणं. ‘गुड व्हायब्रेशन्स’ लक्ष देऊन ऐका: ऑर्गनच्या संथ भागानंतर एक लांब ‘आ’ सुटतो, त्याची गुंज विरायला लागते, आणि तेवढ्यात पूर्ण कोरस आदळतो. तो धक्का मुद्दाम ठेवलेला आहे. तुमच्या जोडणीतही एखाददुसरा सांधा असा उघडा राहू द्या. मात्र गुंज मध्येच चिरली जात असेल तर आधीचा तुकडा वेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्याची शेपटी पुढच्या तुकड्याखाली पूर्ण वाजू द्या.

आवाजाची पातळी

सगळ्या तुकड्यांना एकाच पातळीवर आणणारी आज्ञा चालवू नका. ‘कॅबिन इसेन्स’ बँजोवर, घरगुती गुणगुणण्यासारखं सुरू होतं आणि मग रेल्वेच्या भागात जड तिहेरी लयीत अंगावर येतं. दोन्ही भाग सारखे केले की गाण्याचा जीव गेला. पूर्ण गाणं धरून १ ते २ डेसिबल वरखाली करा, त्याहून जास्त नको, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

गाण्यांमधली शांतता सरसकट दोन सेकंदांची ठेवू नका. संपलेल्या गाण्याची लय मनात मोजत राहा आणि पुढचं गाणं चौथ्या किंवा आठव्या मात्रेनंतर सोडा. ‘फायर’नंतर मात्र लय मोजण्यात अर्थ नाही; तिथे चांगले तीन-चार सेकंद द्या.

फाइल काढताना

प्रत्येक बाजूची एकेक फ्लॅक फाइल (दर्जा न गमावता आकार कमी करणारा प्रकार) करा. सीडी करायची असेल तर ट्रॅक बदलण्याच्या खुणा ५८८ नमुन्यांच्या पटीत ठेवा, कारण सीडीची एक चौकट तेवढी असते (सेकंदाला ७५). खूण मध्येच पडली आणि गाणी सुट्या फाइलींतून जाळली, तर उरलेली चौकट शांततेने भरली जाते आणि सलग जागी बारीक ‘टक्’ ऐकू येतं. डिस्क-अॅट-वन्स (पूर्ण डिस्क एका दमात लिहिण्याची) पद्धतच निवडा, नाहीतर बर्नर स्वतःहून दोन सेकंद घुसवतो.

तपासणी पडदा बंद करून करा. लहरी दिसत असल्या की सांधा आधीच माहीत असतो आणि कान फसतात. शेजारच्या खोलीतून ऐकतानाही एखादी जागा खटकली, तर आधी काप २-३ मिलिसेकंद सरकवून पाहा. तरी खटकत असेल, तर ते दोन तुकडे शेजारी ठेवण्यातच गडबड आहे, क्रम बदला. पण काम चालू असलेली ही प्रकल्पाची फाइल जपून ठेवा, पुढच्या महिन्यात ‘वंडरफुल’ दुसऱ्या बाजूला न्यावंसं वाटणारच. आणि तयार झालेला अल्बम स्वतःच्या ऐकण्यापुरताच ठेवा. रेकॉर्डिंगचे हक्क आजही राखीव आहेत.