गुच्छाचा नर्गिस लावताना

टॅझेटा डॅफोडिलचा, म्हणजे गुच्छाने फुलणाऱ्या नर्गिसाचा, कंद हातात आला की मी आधी एकच बघते: याला फुलण्यासाठी थंडी लागते की नाही? पेपरव्हाइट या पांढऱ्या टॅझेटाला लागत नाही. ते ठाऊक नसल्याने मी पहिल्या वर्षी त्याचे कंद इतर डॅफोडिलसारखे फ्रिजमध्ये ठेवले आणि आठवडे वाया घालवले.

पेपरव्हाइट मातीशिवायही फुलतो. पसरट काचेच्या भांड्यात खडे भरा, त्यांत कंद शेंडा वर ठेवून एकमेकांना खेटून बसवा. पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकावं. कंद बुडाला तर सडतोच. मुळं धरली की भरपूर उजेडात ठेवा. साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात.

घरात हा उंच वाढतो आणि ऐन बहरात कोलमडतो. त्यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे व्होडका. कोंब दोन इंचांचे झाले की पाणी ओतून टाका, एक भाग व्होडकात सात भाग पाणी मिसळून तेच घालत राहा. झाड बुटकं राहतं, फुलं मात्र तेवढीच मोठी येतात. बिअर किंवा वाइन नको, त्यातली साखर मुळांना बाधते.

मग एका सकाळी देठाच्या टोकावरचं कागदासारखं पातळ आवरण फाटतं आणि आतून एकेक कळी मान वाकवून बाहेर येते. टॅझेटाची खरी मजा हीच, एका देठावर तीनपासून वीसपर्यंत फुलं! पेपरव्हाइटचा वास उग्र असतो, काहींना तो बंद खोलीत सोसत नाही.

त्यांनी ‘जेरेनियम’ नावाचा टॅझेटा लावावा. पांढऱ्या पाकळ्या, मधे नारिंगी वाटी, वास गोड. टॅझेटा आणि पोएटिकस या दुसऱ्या डॅफोडिलच्या संकरातला असल्याने तो थंडी सोसतो, आणि त्याला ती हवीही असते. ‘ग्रँड सोलेल दोर’ पिवळा, वाटी नारिंगी. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही, उन्हाळ्यात मात्र कोरडी, तापलेली जमीन मानवते. कुंडी लहान असेल तर ‘मिनो’.

जमिनीत कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावा. फुलं गेल्यावर पाती कापू नका, त्यांच्या गाठीही मारू नका. पिवळी पडेपर्यंत ती पुढच्या बहरासाठी कंद पोसत असतात.

कंद विषारी असतात, कांदे समजून कोणी चिरू नयेत म्हणून ते स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. चिकाने हाताला खाज सुटते. फुलं कापली की काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा, मगच इतर फुलांत मिसळा, आणि तेव्हा देठ पुन्हा कापू नका, नाहीतर चीक परत सुटेल.