रॉक स्लायडर बनवताना: पाइपापेक्षा चासीचा विचार आधी

खडकाळ वाटेवरून जाणाऱ्या गाडीची दाराखालची पत्र्याची कड फार लवकर चेपते, आणि ती एकदा चेपली की दार नीट लागत नाही. ही कड वाचवण्यासाठी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, जो भक्कम पाइप जोडतात, तो रॉक स्लायडर. गाडी दगडावर टेकते तेव्हा तिच्या वजनाचा मोठा हिस्सा, तोही धक्क्यासह, या पाइपावर येतो. म्हणून पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या नळ्या आणि स्लायडर यांत गल्लत करू नये.

मी पहिल्यांदा स्लायडर बनवला तेव्हा सगळे लक्ष पाइपाकडे दिले होते. पाइप जाड घेतला, वेल्ड भरघोस केला आणि त्याला चासीशी जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे पाय, थेट चासीच्या उभ्या भिंतीवर जोडून टाकले. काही महिन्यांनी गाडीखाली शिरून पाहिले, तर वेल्ड जसाच्या तसा होता, पण त्याला लागूनच चासीच्या पत्र्यात केसाएवढी तपकिरी रेघ उमटलेली होती. पाय ताठ, वेल्ड ताठ आणि शेजारचा पत्रा पातळ असला, की प्रत्येक हिसक्याचा ताण नेमका त्या सीमेवर साठतो आणि तिथेच धातू थकतो. स्लायडरच्या कामात मुख्य प्रश्न एकच असतो: पाइपावर आलेला भार चासीच्या किती मोठ्या भागावर पसरतो?

सुरुवातीला आपल्या गाडीची बांधणी ओळखावी. जिची चासी वेगळी आणि बॉडी रबरी माउंटवर बसवलेली आहे, अशीच गाडी या कामाला योग्य. जिथे बॉडी हाच सांगाडा असतो, तिथे पातळ आणि अनेकदा अतिकठीण पोलादाच्या पत्र्यावर वेल्डिंग करू नये, कारण तापल्यावर त्या पोलादाचा मूळ कणखरपणा परत येत नाही. वेगळी चासी असूनही काही अवजड वाहनांचे उत्पादक तिच्यावर वेल्डिंग किंवा छिद्रे करण्यास मनाई करतात. त्यांची सूचनापुस्तिका आधी वाचावी आणि मनाई असेल तिथे स्लायडर मूळ छिद्रांतून नटबोल्टने बसवावा. वाहनाच्या रचनेत बदल करण्याचे आपल्याकडील नियमही याच टप्प्यावर तपासून घ्यावेत.

मुख्य पाइपासाठी ४५ ते ५० मिमी व्यासाचा आणि किमान ३ मिमी जाडीचा साध्या पोलादाचा पाइप चालतो. गाडी जड असेल तर ४ मिमी जाडी घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप मात्र वापरू नये. जस्ताचा धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडीतापासारखा त्रास होतो, शिवाय वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. प्रत्येक बाजूला किमान तीन पाय असावेत आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित वर चढणारे ठेवावेत, म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची वाया जात नाही. पाइप आणि बॉडीची कड यांच्यात २० ते २५ मिमी मोकळी जागा सोडावी. बॉडी आणि चासी रबरावर स्वतंत्रपणे हलतात, त्यामुळे स्लायडर दोन्हींना जोडला तर तो कुठेतरी तुटणारच.

बेस प्लेटवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. पाय थेट चासीवर न जोडता ४ ते ५ मिमी जाडीच्या प्लेटवर जोडावा आणि ती प्लेट चासीच्या उभ्या भिंतीवर बसवावी. चासीच्या पत्र्याहून प्लेट फार जाड घेतल्यास ताठरपणाची तीच उडी पुन्हा निर्माण होते. प्लेटचा आकार पत्त्यांतल्या चौकटसारखा, लांबट आणि गोलसर कोपऱ्यांचा असावा. चौकोनी प्लेटची उभी कड चासीला जणू कापण्याची रेघ आखून देते, तर तिरप्या कडेवर ताण हळूहळू उतरत जातो. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वाधिक ताण असतो, म्हणून प्लेट त्या कडांपासून अंतर राखून बसवावी आणि त्या कडांवर आडवा वेल्ड कधीही घालू नये. प्लेटमध्ये मध्यभागी १२ ते १५ मिमी व्यासाची दोन छिद्रे पाडून ती वेल्डने भरली तर पकड आणखी पसरते. दुरुस्तीची सोय हवी असल्यास प्लेट चासीला वेल्ड करावी आणि स्लायडरचे पाय तिच्यावर बोल्टने बसवावेत.

पाइपाला पाय जिथे मिळतो तिथली खाच पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडावी आणि कानस फिरवून फट १ मिमीच्या आत आणावी. मोठी फट वेल्डने भरून काढण्याची सवय लागू देऊ नये, कारण तिथे उष्णता जास्त द्यावी लागते आणि पाइप वाकडा होतो. दोन्ही टोके बंद होणाऱ्या पाइपाला खालच्या बाजूने ३ मिमीचे छिद्र आधीच पाडून ठेवावे. नाहीतर आत तापलेली हवा शेवटच्या फटीतून फुरकन बाहेर येते आणि वितळलेला धातू उडवून लावते.

यंत्र मिग, म्हणजे वायूच्या आवरणात तार आपोआप पुढे सरकवणारे, असेल तर ०.८ किंवा ०.९ मिमीची ईआर७०एस-६ तार आणि आरगॉन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण या जाडीला उत्तम. ३ मिमीच्या पत्र्याला साधारण १२० अँपिअर ही सुरुवात धरावी आणि पुढे डोळ्यांनी ठरवावे. रॉडने काम करायचे असल्यास ७०१८ हा रॉड विश्वासाचा आहे, मात्र तो दमट झालेला नसावा. खऱ्या कामाला हात घालण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे इंग्रजी टी अक्षरासारखे उभे करून एकाच बाजूने वेल्ड करावेत आणि वेल्डच्या दिशेने हातोड्याने दुमडून तोडावेत. तुटलेल्या जागी मुळाशी पत्र्याची मूळ गुळगुळीत कड जशीच्या तशी दिसली, तर वरून कितीही सुबक दिसणारा वेल्ड आत शिरलेलाच नाही असे समजावे. मिगमध्ये ही फसगत फार होते. वेल्डच्या काठाला खोल चर पडत असेल तर अँपिअर कमी करावे किंवा काठाशी क्षणभर थांबावे.

वेल्डिंगच्या जागेवरून रंग, गंज आणि तेल पार काढून चकाकता धातू दिसू द्यावा. तेल काढण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नये. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विद्युत ठिणगीच्या, उष्णतेने आणि किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

मोजमाप गाडीखाली घ्यावे, तिथेच पाय आणि पाइप फक्त वेल्डच्या छोट्या टाक्यांनी जोडावेत आणि नंतर संपूर्ण सांगाडा उतरवून टेबलावर पक्का करावा. सगळे पाय एकाच बाजूला असल्याने पाइप थंड होताना केळ्यासारखा वाकतो. त्यावर माझा उपाय असा, की डाव्या आणि उजव्या बाजूचे स्लायडर पाठीला पाठ लावून क्लॅम्पने आवळावेत, मध्यभागी पातळ पट्टी सरकवून त्यांना उलट दिशेने किंचित ताणावे आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा असे वेल्ड घालत जावे. हाताला कोमट लागेपर्यंत क्लॅम्प सोडू नयेत. घाईने पाणी ओतून तर कधीच थंड करू नये, कारण अचानक थंड झालेले पोलाद ठिसूळ होऊ शकते.

चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. अर्थिंगचा क्लॅम्प प्लेटच्या शक्य तितका जवळ, खरवडलेल्या धातूवर लावावा. तो दूर बंपरला लावला तर प्रवाह बेअरिंग किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढतो आणि त्यांचे नुकसान होते. चासीच्या आतून आणि पलीकडून जाणारे इंधनाचे पाइप, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग हाताने चाचपून बाजूला करावे किंवा उतरवावे. इंधनाची टाकी जवळ असेल तर ती काढून दूर न्यावी. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी. डोक्यावरच्या दिशेने वेल्डिंग असल्याने चामडी जाकीट, गळा झाकणारे कापड आणि वेल्डिंगच्या मुखवट्याला शेड ११ च्या आसपासची गडद काच लागते. अँपिअर थोडे कमी आणि आर्क आखूड ठेवावा. चासीखालचे गंजरोधक लेप आणि केबिनमधला गालिचा मंदपणे धुमसत राहतात, म्हणून अग्निशामक घेतलेला एक माणूस सोबत असावा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास कोणीही जागा सोडू नये.

प्लेटच्या कडांना एकदम पूर्ण फेरा न मारता समोरासमोरच्या बाजूंना ३० ते ४० मिमीचे तुकडे घालावेत आणि प्रत्येक वेल्ड प्लेटच्या टोकाला न संपवता वळवून पुढच्या कडेवर न्यावा, म्हणजे वेल्डचा शेवटचा खड्डा टोकावर राहत नाही.

थंड झाल्यावर वेल्ड तारेच्या ब्रशने घासून लगेच प्रायमर आणि रंग द्यावा. चासीच्या आतल्या बाजूचा लेप उष्णतेने जळालेला असतो. तिथे जवळच्या छिद्रातून लांब नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारावा. रंग वाळला की मधल्या पायाजवळ पाइपाखाली जॅक लावून गाडी हळूहळू उचलावी, मात्र तिच्याखाली कोणीही असू नये. दार नेहमीसारखे उघडते आणि लागते का, आणि पाइप बॉडीच्या कडेला टेकतो का, हे त्या स्थितीत तपासावे. पहिल्या खडतर सफरीनंतर प्लेटच्या चारही टोकांवरचा चिखल धुऊन टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावे. रंगात बारीक तपकिरी रेघ दिसली तर तिच्यावर वरून वेल्ड चढवू नये. रंग खरवडून भेग कुठवर गेली आहे ते शोधावे, तिच्या टोकाला ३ मिमीचे छिद्र पाडून ती थांबवावी, भेग व्ही आकारात मुळापर्यंत कोरून मग भरावी आणि त्या जागी आधीपेक्षा लांब प्लेट बसवावी.