दूषित जमिनीच्या साफसफाईसाठी जुनी विमा पॉलिसी कशी शोधावी आणि कशी वापरावी

भांडुप, कुर्ला, साकीनाका या भागांतल्या जुन्या शेड पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्यापासून माती आणि भूजलाची तपासणी हा जमिनीच्या व्यवहाराचा भाग होत चालला आहे. अहवालात क्रोमियम किंवा फर्नेस ऑइल सापडले की साफसफाईच्या खर्चाचा आकडा पाहून मालकाचे हातपाय गळतात. अशा वेळी सर्वांत आधी जुने कपाट उघडावे, कारण कारखाना चालू असताना घेतलेल्या एखाद्या दायित्व पॉलिसीतून, म्हणजे आपल्यामुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्यातून, त्या खर्चाचा काही भाग निघू शकतो, मग ती पॉलिसी तीस-चाळीस वर्षांपूर्वी संपलेली का असेना.

यामागचे तत्त्व असे, की काही दायित्व पॉलिसी घटनेवर आधारलेल्या असतात. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलेले असले की पुरते. दावा नंतर केव्हाही समोर येऊ शकतो. अमेरिकेत पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती उभी राहिल्याच्या लव्ह कॅनाल प्रकरणानंतर १९८० मध्ये सुपरफंड कायदा आला आणि पूर्वीच्या प्रदूषणाची जबाबदारीही मालकांवर पडली, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी जुन्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसी शोधून काढल्या. तिथल्या प्रमाणित मसुद्यात १९७३ पासून ‘अचानक आणि अपघाती’ प्रदूषणच तेवढे ग्राह्य धरणारी अट आली आणि १९८६ नंतर प्रदूषण जवळजवळ पूर्णपणे वगळले गेले. म्हणून तिथे पॉलिसीच्या वर्षाला इतके मोल आहे.

आपल्याकडे मात्र आशा बेताचीच ठेवावी. आपल्या बहुतेक सार्वजनिक दायित्व पॉलिसी दाव्यावर आधारलेल्या आहेत, म्हणजे दावा मुदतीतच यावा लागतो, आणि प्रदूषणाचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला खरा, पण तो अपघातग्रस्तांना तातडीची मदत मिळावी यासाठी होता. त्याच्या मूळ अनुसूचीत भरपाई मृत्यूसाठी २५,००० रुपये आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी कमाल ६,००० रुपये होते. त्यातून जमीन स्वच्छ होत नाही. तरीही शोध घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण खर्चाची जबाबदारी आता टळत नाही: राजस्थानातील बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी केलेल्या प्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच सुधारणेचा खर्च द्यावा असे ठरवले, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियमही अधिसूचित केले.

शोध कुठे घ्यायचा, यावर या कामाचे यश अवलंबून असते. मूळ पॉलिसी सहसा रद्दीत गेलेली असते, म्हणून तिच्या सावल्या शोधाव्यात. क्रोम प्लेटिंगचा कारखाना असलेल्या एका कुटुंबाच्या पोटमाळ्यावर मी दोन दिवस बसलो होतो. पॉलिसी एकही मिळाली नाही, पण लाल कापडी बांधणीच्या खातेवहीत दर एप्रिलला विमा हप्त्याची नोंद होती आणि एका पानाला गंजलेल्या टाचणीने कव्हर नोट, म्हणजे पॉलिसी हाती येईपर्यंत मिळणारा तात्पुरता विमा दाखला, लावलेली होती. पॉलिसी क्रमांक कार्बनच्या निळ्या अक्षरांत अजून वाचता येत होता. असा एक क्रमांक मिळाला की पुढची वाट मोकळी होते. बँकेचे जुने गहाणखत, ताळेबंद, हिशेब तपासनिसाच्या फायली, कंपनी निबंधकाकडील बोजाची (तारण कर्जाची) नोंद आणि विमा एजंटच्या घरची जुनी पाकिटे हीही पाहावीत. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके साधारण ८ वर्षेच ठेवावी लागतात, त्यामुळे कंपनीच्या दफ्तरापेक्षा घरच्या माळ्यावर जास्त सापडते.

पॉलिसी १९७३ पूर्वीची असेल आणि तिच्यावरील विमा कंपनीचे नाव आज कुठेच दिसत नसेल, तरी निराश होऊ नये. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा कंपन्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत विभागल्या गेल्या. आपली जुनी कंपनी या चारपैकी कोणत्या कंपनीत गेली हे शोधून तिच्याच कार्यालयाला पत्र लिहावे.

पॉलिसी हाती आल्यावर हप्त्याच्या आकड्याऐवजी चार गोष्टी वाचाव्यात: ती घटनेवर आधारलेली आहे की दाव्यावर, पूर्वलक्षी तारीख (जिच्या आधीच्या घटना धरल्या जात नाहीत ती) कोणती, प्रदूषण वगळले आहे का, आणि विमाधारकाची स्वतःची मालमत्ता वगळली आहे का. शेवटच्या अटीमुळे अनेक दावे अडतात. दायित्व विमा इतरांच्या नुकसानीसाठी असतो. त्यामुळे आपल्याच प्लॉटमधली माती काढण्याचा खर्च नाकारला जाऊ शकतो, पण विष शेजारच्या विहिरीत किंवा भूजलात पोहोचल्याचा पुरावा असेल तर मुद्दा बदलतो. म्हणून पर्यावरण सल्लागाराकडून प्रदूषण कुठे पसरले आणि कोणत्या काळात पसरले, या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. मागे चिकटवलेल्या पुरवण्याही वाचाव्यात, कारण पहिल्या पानावर दिलेले संरक्षण तिथे काढून घेतलेले असू शकते.

यानंतर विमा कंपनीला ताबडतोब लेखी सूचना द्यावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली असेल तर तिची प्रत जोडावी, आणि कंपनीच्या संमतीशिवाय ठेकेदाराला पैसे देऊ नयेत अथवा जबाबदारी लेखी मान्य करू नये, कारण अशा स्वेच्छेने केलेल्या खर्चावर बोट ठेवून दावा फेटाळला जातो. माती इतकी धोकादायक असेल की थांबणे शक्य नाही, तर तसे कारण त्याच दिवशी पत्रात नमूद करून मगच काम सुरू करावे. पत्र वकिलाकडून तपासून घ्यावे, कार्यालयात प्रत्यक्ष द्यावे आणि पोचेची शिक्का मारलेली प्रत कव्हर नोटच्याच फायलीत ठेवावी.