हरणाच्या कातड्याचे कपडे: शिवताना नव्हे, त्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. मांस फ्रीझरमध्ये जातं, शिंगं भिंतीवर चढतात आणि कातडं बहुतेक वेळा कचऱ्यात पडतं. परवानाधारक शिकाऱ्याकडे शब्द टाकून ठेवला, तर ते सहसा फुकट मिळतं. ते घरी कमावून, जुन्या काळी गोऱ्या वस्तीच्या सरहद्दीवर राहणाऱ्या शिकाऱ्यांसारखा शर्ट किंवा पायघोळ लेगिंग्ज शिवायला घेणारे हौशी लोक इथे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांचा कपडा फसतो आणि दोष शिवणीला दिला जातो. माझं ठाम मत आहे की फसलेल्या कपड्याचं मूळ जवळपास नेहमी कातड्यात असतं. म्हणून या लेखात सुई-दोरा उशिराच येईल.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार आपल्याकडे हरणाची शिकार करणं आणि त्याचं कातडं बाळगणं हा गुन्हा आहे. हात बसवायचा असेल तर खाटकाकडून शेळीचं कातडं आणा. कृती तीच आहे.

ही पद्धत आपल्याकडच्या चामड्याच्या ओळखीपेक्षा वेगळी आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांतल्या टॅनिनवर, म्हणजे तुरट द्रव्यावर, कमावलं जातं. बकस्किनमध्ये, म्हणजे या पद्धतीने कमावलेल्या हरणाच्या मऊ चामड्यात, टॅनिन नसतं. मेंदूतली किंवा अंड्याच्या बलकातली स्निग्धता तंतूंत मुरवायची, कातडं वाळेपर्यंत ओढून मऊ करायचं आणि शेवटी धुरी द्यायची, अशी ही विद्या आहे. ती उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. 1825 ते 1840 या काळात रॉकी पर्वतात दरवर्षी भरणाऱ्या फर-व्यापाराच्या मेळ्यांना येणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांच्या अंगावर जे चामडी कपडे असत, त्यांतले कितीतरी शोशोनी, क्रो अशा जमातींच्या बायकांनी कमावून शिवलेले होते. हे श्रेय सांगितल्याशिवाय या विषयावर लिहू नये, असं मला वाटतं.

ग्रेन राहून जाणं

सगळ्यांत जास्त कातडी इथेच वाया जातात. केस जिथे रुजलेले असतात, तो बाहेरचा घट्ट विणीचा थर म्हणजे ग्रेन. बकस्किनमध्ये तो पूर्ण खरवडून काढावा लागतो. केस निघाले म्हणजे काम झालं, असं समजून लोक थांबतात. मग नेमक्या त्या जागी स्निग्धता आत शिरत नाही, कातडं ताणलं जात नाही आणि वाळल्यावर गुळगुळीत, ताठ पट्टे उरतात.

उपाय राखेत आहे. लाकडाच्या राखेच्या पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत कातडं काही दिवस भिजू द्या. राखेचं पाणी पुरेसं तीव्र आहे का, हे पाहायची जुनी खूण म्हणजे त्यात कच्चं अंडं सोडायचं. ते तरंगलं आणि पाण्यावर नाण्याएवढा भाग दिसला, की पाणी तयार. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण हे द्रावण त्वचा भाजतं. कातडं फुगून रबरासारखं झालं की गोल ओंडक्यावर पसरा आणि बोथट पात्याने, मानेकडून शेपटीकडे, एकेक पट्टा पूर्ण करत खरवडा. फुगलेला ग्रेन रंगाने आणि पोताने वेगळा कळतो. मान, पाठीचा कणा आणि कडा या तीन जागी तो हमखास राहतो. पोटाकडे कातडं पातळ असतं, तिथे जोर लावाल तर भोक पडेल.

राख मिळाली नाही की काय होतं, ते लुइस आणि क्लार्क यांच्या, अमेरिका ओलांडून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेलेल्या, मोहिमेने अनुभवलं. 1805-06 चा हिवाळा त्यांनी आजच्या ओरेगनमधल्या फोर्ट क्लॅटसॉपला काढला. कपड्यांसाठी एल्क या मोठ्या हरणाची कातडी कमावताना मेंदू कमी पडतोय, साबण नाही आणि इथल्या लाकडाची राखच उरत नाही, अशी तक्रार लुइसने जानेवारी 1806 च्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. इतक्या अनुभवी तुकडीचं काम राखेवाचून अडत असेल, तर घरच्या अंगणात ही पायरी कशी गाळायची?

खरवडून झाल्यावर क्षार पूर्ण धुऊन काढा. वाहत्या पाण्यात एक दिवस-रात्र ठेवणं उत्तम. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर उरलेला क्षार मारला जातो. फुगलेलं कातडं पुन्हा ढिलं, लोळागोळा झालं की धुणं पुरे. मग आतल्या बाजूचा पापुद्राही खरवडून टाका.

मेंदू, अंडी आणि गरम पाणी

प्रत्येक जनावराला स्वतःचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतो, ही इथली जुनी म्हण. आज मात्र मी हरणाचा मेंदू वापरायचा सल्ला देणार नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा प्रायॉनजन्य (बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा) रोग 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि नंतर अनेक राज्यांत पसरला. तो माणसाला होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण संसर्ग मेंदू आणि मज्जारज्जूत साठतो. अनेक राज्यांत हे अवयव असलेला सांगाडा हलवण्यावरच निर्बंध आहेत. डझनभर अंड्यांचे बलक तेच काम चोख करतात.

द्रावण हाताला सोसेल इतकंच कोमट हवं. कच्चं ओलं कातडं साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आकसतं आणि ते नुकसान भरून येत नाही. एकदा भिजवून थांबू नका. आडव्या दांड्याला वेढून काठीने पीळ द्या, पाणी काढा, पुन्हा द्रावणात टाका. निथळतं कातडं जास्तीची स्निग्धता घेऊच शकत नाही.

हात लवकर थांबणं

पिळून झालं की ओढायचं, ताणायचं, दोरावर घासायचं, आणि हे कातडं पूर्ण वाळेपर्यंत. वरून कोरडं वाटतं, आत ओल असते. गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून ओलं आहे. मान सगळ्यांत शेवटी वाळते आणि थकलेला माणूस नेमका तेव्हाच उठतो. रात्र झाली, पाऊस आला, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी पुढे चालू करा.

कडक झालंच, तर कडकपणा कुठे आहे ते वाचा. केसांच्या बाजूला गुळगुळीत ताठ चट्टे असतील तर ग्रेन राहिलाय. जाड भागच सगळा ताठ असेल तर एक तर स्निग्धता मुरली नाही किंवा हात लवकर थांबला. दुसऱ्या दुखण्यावर कातडं पुन्हा भिजवून, पुन्हा बलक देऊन ओढलं की सुधारतं. दुसरी, तिसरी फेरी लागणं अगदी सामान्य आहे. राहिलेल्या ग्रेनवर मात्र कितीही बलक ओता, खरवडण्याशिवाय इलाज नाही.

धुरी अर्धवट देणं

धुरी रंगासाठी असते, हा गैरसमज. धुरातल्या अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळे तंतू एकमेकांना कायमचे चिकटत नाहीत. धुरी न दिलेलं पांढरंशुभ्र चामडं एकदा भिजलं की पापडासारखं ताठ होतं. कातड्याची पिशवी शिवून ती कुजक्या, भुसभुशीत लाकडाच्या दाट धुरावर टांगा. मग उलटी करून दुसरी बाजू. या वेळात तिथून हलू नका, एक ज्वाळ उठली तर सगळी मेहनत करपते. बाहेरून छान सोनेरी दिसलं म्हणून उतरवू नका. मानेच्या जाड भागातून धूर आरपार गेलाय का, ते बघा. काही दिवस घडी करून ठेवा, मग एक कोपरा भिजवून वाळवा. हाताने चोळल्यावर मऊ झाला तरच कात्री हातात घ्या.

आता कापणं आणि शिवणं

व्हाइटटेल हरणाचं एक कातडं साधारण 8 ते 10 चौरस फूट भरतं. मोठ्या माणसाच्या शर्टाला तीन-चार कातडी लागतात, लेगिंग्जना प्रत्येक पायाला एक. आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून अंगावर घालून बघा. कातडं कण्याच्या दिशेने कमी आणि आडवं जास्त ताणलं जातं, म्हणून कण्याची रेघ कपड्याच्या उंचीच्या दिशेने ठेवा. दोन्ही बाह्या सारख्याच भागातून कापा, नाहीतर एक बाही वर्षभरात लांब होते. पोटाकडचा सैल भाग गुडघ्यावर किंवा बुडाखाली कधीच आणू नका.

टाक्यासाठी आरीने भोक पाडा. तिच्या टोकाने तंतू बाजूला सरकतात, तर तीन धारेची सुई ते कापते आणि पातळ जागी भोक फाटत जातं. शिवणीत दोन थरांच्या मध्ये चामड्याची अरुंद पट्टी घातली तर ताण टाक्यावर न येता पट्टीवर येतो. झालर त्याच पट्टीची रुंदी वाढवून कापता येते, मात्र शिवणीच्या जरा अलीकडेच कात्री थांबवा.

आणि नखशिखान्त चामडंच हवं, हा हट्ट सोडा. 1775 च्या सुमाराचे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे हंटिंग शर्ट बहुतांशी लिननचे होते, चामडं जास्त करून पायांत असे. बीव्हर हा फरसाठी मारला जाणारा पाणप्राणी पकडायला पाण्यात उतरणारे शिकारी तर लेगिंग्जचा गुडघ्याखालचा भाग कापून तिथे ब्लँकेटचं लोकरी कापड जोडत, कारण ओलं चामडं पायाला थंड पडतं आणि आवळतं.

धुताना गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं आणि वाळताना मधूनमधून ओढणं. कापताना उरलेले तुकडे कातड्यागणिक वेगळे बांधून ठेवा. गुडघ्याला ठिगळ लावायची वेळ येते तेव्हा त्याच जाडीचा, तेवढाच ताणला जाणारा तुकडा बाजारात मिळत नाही.