शेवटच्या तारखेच्या गर्दीत चूक दिसली तर आधी काय करायचं

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की आपल्या सेतू केंद्रावर रांग लागते, सर्व्हर झोपते, अन् अशातच आपण शेतकऱ्याचा आधी भरून दिलेल्या फॉर्ममध्ये चूक दिसते जी अजून कोणाच्याच ध्यानात नाही आली. मग वाटते राहू दे, कोण पाहते. पण भाऊ, नुकसान झाल्यावर ते पाहिल्या जातेच, अन् तेव्हा तो शेतकरी उघडा पडते, आपण नाही.

म्हणून चूक दिसली की तिथंच अर्ज नंबर कागदावर लिहा, शेतकऱ्याला लगेच फोन लावा अन् त्याच दिवशी तालुका कृषी कार्यालयात किंवा विमा कंपनीच्या माणसाला कळवा, तेही लेखी, काहून का तारीख निघून गेली की हात बांधल्या जातात. स्पेलिंगची बारीकसारीक चूक नंतर पाहू, आधी खाते नंबर, गट नंबर, पीक अन् क्षेत्र.

सगळ्यात जास्त गोंधळ क्षेत्रातच होते. लोक एकरात सांगतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असते. 40 आर म्हणजे साधारण एक एकर, म्हणून तीन एकरवाल्याचे 120 आर, म्हणजे 1.20 हेक्टर पाहिजे, घाईत 1.02 पडते अन् स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. आपलंच टाइप केलेलं आपल्याला बरोबरच दिसते, त्याच्यानं सबमिटच्या आधी शेतकऱ्याच्या हातात सातबारा द्या, त्याला आकडे मोठ्यानं वाचायला लावा अन् तुम्ही स्क्रीन पाहा. वाचता येत नसन तर रांगेतल्या कोण्या पोराला सांगा. एक मिनिट जाते, रांगेतले ओरडतात, ओरडू द्या.