पृथ्वी आणि आकाश शिकताना या चुका टाळा

‘चंद्राच्या कला कशामुळे दिसतात?’ या प्रश्नाला दरवर्षी निम्म्याअधिक वर्गाचं उत्तर एकच येतं: पृथ्वीची सावली चंद्रावर पडल्यामुळे. उत्तर ठाम असतं, अक्षर सुंदर असतं, शेजारी आकृतीही असते. मुलं अभ्यास करत नाहीत म्हणून ही चूक होत नाही. चित्र पाठ होतं, पण ते चित्र आभाळाशी ताडून पाहायचं राहून जातं. पेपर तपासताना वारंवार दिसणाऱ्या अशाच काही चुका आणि वर्गातले प्रयोग कुठे फसतात, ते इथे लिहितो आहे.

कला आणि ग्रहण यांची सरमिसळ

शुद्ध अष्टमीला सूर्य मावळायच्या वेळी गच्चीवर जा. सूर्य पश्चिमेला टेकलेला असतो आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. आता पृथ्वीची सावली कुठे असेल? सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेच्या क्षितिजाशी. चंद्र तिथे नाहीच, तरीही तो अर्धाच दिसतो. उजळलेली बाजू सूर्याकडे तोंड करून असते, एवढं मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘सावली’ हा शब्द ती पुन्हा लिहीत नाहीत.

वर्गात हे दाखवायला आपण अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब लावतो आणि मुलाच्या हातात पेन्सिलीवर टोचलेला पांढरा चेंडू देतो. मुलगा स्वतःभोवती फिरतो, चेंडूवर कोर वाढत जाते, सगळं छान चाललेलं असतं. मग पौर्णिमा येते. बल्ब पाठीमागे जातो, मुलाच्या डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि चेंडू काळा होतो. मूल म्हणतं, ‘सर, पौर्णिमेला तर अमावस्या झाली!’ इथे घाईने पुढे जाऊ नका. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरायला सांगा, तो लगेच पूर्ण उजळतो. मघाशी दिसलं ते चंद्रग्रहण होतं, आता दिसते ती पौर्णिमा.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, याचं उत्तरही त्यातच आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, कारण पुस्तकाच्या पानावर पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना खेटून काढलेले असतात. म्हणून एकदा मापात मांडून पाहा. पृथ्वी 30 सेंमीचा गोल धरली, तर चंद्र 8 सेंमीचा होतो आणि तो ठेवायचा तब्बल 9 मीटरवर. वर्ग पुरत नाही, व्हरांड्यात जावं लागतं. त्या अंतरावर पाच अंश म्हणजे जवळजवळ 80 सेंमी वर किंवा खाली, आणि तिथे पृथ्वीची गडद सावली असते वीतभर रुंद. चंद्र बहुतेक वेळा तिच्या वरून नाही तर खालून निघून जातो, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’

हे वाक्य लिहिणाऱ्याला एवढंच विचारा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किमीवर. तेव्हा आपण शेकोटी पेटवलेली असते. सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15 कोटी 21 लाख किमीवर.

दोष पुन्हा चित्राचा आहे. कक्षा तिरकस बाजूने काढलेली असते, म्हणून ती अंड्यासारखी दिसते. खरी कक्षा वहीत काढायची असेल तर कंपासने 10 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सूर्य मध्यबिंदूपासून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवा. झाली कक्षा. लंबवर्तुळ आणि वर्तुळ यांतला फरक पेन्सिलीच्या रेघेतच बुडून जातो.

ऋतू होतात ते अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. पण इथे दुसरी चूक टपलेली असते. ‘जूनमध्ये पृथ्वी सूर्याकडे कलते’ असं शिकवलं की मुलांना वाटतं, ती मान हलवल्यासारखी इकडे तिकडे झुकते. पृथ्वीगोल हातात देऊन दिव्याभोवती फिरायला सांगितलं, तर दहातली आठ मुलं चालता चालता गोलही वळवतात आणि अक्ष कायम दिव्याकडेच झुकलेला राहतो. मग वर्षभर उन्हाळाच. उपाय सोपा आहे. फेरी सुरू करण्यापूर्वी गोलाचा अक्ष फळ्याकडे कललेला ठेवा आणि पूर्ण फेरीत तो फळ्याकडेच राहील असं बजावा.

आपल्याकडे तापमान जूनऐवजी मे महिन्यात टोकाला का जातं, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. जूनमध्ये मोसमी ढग आणि पाऊस येतात, एवढं त्याचं उत्तर आहे.

उत्तरायण आणि मकर संक्रांत

‘उत्तरायण 14 जानेवारीला सुरू होतं’ असं लिहिलं की भूगोलात गुण जातात आणि घरी आजी म्हणते ते खोटं का, असा पेच पडतो. खोटं कुणीच नाही. सूर्य 21-22 डिसेंबरपासून उत्तरेकडे सरकू लागतो. संक्रांत मात्र ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या मकर राशीत सूर्य शिरतो तेव्हा येते. पृथ्वीचा अक्ष सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरा घेत असल्याने या दोन गोष्टी हळूहळू दूर गेल्या, साधारण 72 वर्षांत एक दिवस या गतीने.

नारिंगी प्रावरण

पृथ्वीच्या अंतरंगाच्या आकृतीत प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांमधला थर, लालभडक रंगवलेलं असतं, म्हणून मुलं त्याला ‘उकळता लाव्हा’ म्हणतात. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात. म्हणजे ते घन आहे. मे महिन्यात खिडकीत ठेवलेली मेणबत्ती न वितळता वाकते, तसं ते फार सावकाश सरकतं. सुमारे 2,900 किमीखाली बाह्य गाभ्याशी मात्र या लहरी थांबतात, कारण तो द्रवरूप आहे.

याच्याच जोडीची चूक म्हणजे लोणार सरोवराला ज्वालामुखीचं विवर म्हणणं. आजूबाजूचा बेसॉल्ट खडक लाव्ह्याचा आहे हे खरं, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिला. लोणारचा 1.8 किमी व्यासाचा खड्डा नंतर अशनी आदळून झाला. प्रचंड आघातानेच बनणारी मॅस्केलिनाइट नावाची काच तिथल्या दगडांत सापडली आहे.

शून्य सावलीचा फसलेला प्रयोग

‘सूर्य रोज दुपारी 12 वाजता डोक्यावर येतो’ या वाक्यात दोन चुका आहेत. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, उदाहरणार्थ दिल्लीत, तो कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. आपलं भाग्य असं की अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा येतो: पणजीला 3 मे, पुण्याला 13 मे, मुंबईला 15 मे आणि नागपूरला 26 मेच्या सुमारास, आणि मग परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवशी मध्यान्हीला सरळ उभ्या काठीची सावली पडतच नाही, हीच ‘शून्य सावली’.

दुसरी चूक वेळेची. मुंबईत 15 मेला 12च्या ठोक्याला एक मीटरची काठी उभी केली तर तिची सावली 14-15 सेंमी पडते आणि मुलं हिरमुसून घरात जातात. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखावृत्तावर चालतं, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. तिथली खरी मध्यान्ह त्या दिवशी 12:35ला होते. गणित नको असेल तर दिनदर्शिकेतली आपल्या गावची सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ घ्या आणि दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढा.

तरीही सावली उरली, तर तारखेवर शंका घेऊ नका. एक दिवस चुकल्याने मीटरभर काठीला चार मिलिमीटरचाच फरक पडतो. काठी सरळ आहे का ते पाहा. गवंडीकाकांकडून ओळंबा मागून आणा, जमीन सपाट आहे ना तेही तपासा. काठीपेक्षा पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. सूर्य थेट वर आला की पाइपाच्या आतली जमीन काही क्षण पूर्ण उजळते.

मेमधले दिवस सुट्टीत येतात, म्हणून हा प्रयोग गृहपाठ म्हणून द्यावा लागतो. जुलैमध्ये शाळा सुरू असते, पण आभाळ भरलेलं असतं. तरी पाइप व्हरांड्यात तयार ठेवा. मुंबईत 27 जुलैच्या आसपास दोन-तीन दिवस, साधारण 12:45ला, ढग फाटले तर पाच मिनिटंही पुरतात.