बदकाची पिल्लं पहिल्यांदा पाळताना

बदकाची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखीच वाढवायची असं समजून बरेच जण सुरुवात करतात आणि पहिल्या दोन आठवड्यांतच पाणी, खाद्य आणि पाय या तीन ठिकाणी अडतात. एकटं पिल्लू आणू नका. ते दिवसभर ओरडतं, नीट खात नाही. निदान दोन-तीन तरी आणा. खाकी कॅम्पबेल, पांढरं पेकिन, गावठी, कुठलंही असो, पहिल्या महिन्याची निगा सारखीच.

ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३० ते ३२ अंश सेल्सिअस हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब खोक्याच्या एका बाजूला दीड फुटावर पक्का बांधा. एलईडी चालणार नाही, त्याची ऊबच नसते. बल्ब मधोमध नको, म्हणजे उकडलं की पिल्लांना लांब सरकता येतं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजते आहे, कोपऱ्यात चोच उघडी टाकून बसली असतील तर बल्ब वर घ्या. मे महिन्यात विदर्भात दिवसा बल्ब लागतच नाही, पहाटे मात्र बघावं लागतं.

खाली काय अंथरायचं. वर्तमानपत्र मुळीच नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि ते वेळीच लक्षात आलं नाही तर तसेच राहतात. पहिले तीन-चार दिवस गोणपाट, मग दोन-तीन इंच भाताचं तूस. लाकडाचा बारीक भुसा ती खाद्य समजून खातात. सुरुवातीला पिल्लामागे अर्धा चौरस फूट जागा पुरते, चौथ्या आठवड्यापर्यंत दीड-दोन चौरस फूट लागते.

पाणी. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पिल्लू भरड तोंडात घेतं, तसंच धावत पाण्याकडे जातं, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवतं आणि मग गिळतं. त्यामुळे खाद्य आहे तिथे पाणी हवंच, नाहीतर घास अडकतो. रात्री पाणी काढलंत तर खाद्यही काढा. नाकपुड्या आणि डोळे धुता आले नाहीत तर त्यांना चिकटा धरतो. म्हणून भांडं चोच बुडेल इतकं खोल, पण पिल्लू आत उतरू शकणार नाही असं अरुंद हवं. पसरट असेल तर मधे मोठे गोटे ठेवा. भांड्याखाली थाळी आणि तिच्यावर जाळी ठेवली की सांडलेलं पाणी थाळीत जातं, तूस कोरडं राहतं. ओल्या तुसाला बुरशी येते आणि अमोनियाचा वास सुटला की पिल्लांचे डोळे-श्वास बिघडतात.

पोहायची घाई करू नका. बदकीमागे असलेल्या पिल्लांना तिच्या पिसांवरचं तेल लागतं आणि गारठली की तिच्याच पंखाखाली शिरता येतं. खोक्यातल्या किंवा खुडूक कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांना ते तेल मिळत नाही. लव भिजली की ती गारठून मरतात. आठवड्यानंतर कोमट, उथळ पाण्यात पाच मिनिटं, तुमच्या नजरेसमोर, मग पुसून बल्बखाली. मोकळं तळं अंगावर पूर्ण पिसं आल्यावरच, म्हणजे सहा-सात आठवड्यांनी.

खाद्य. पहिले दोन-तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनांचं, औषध न मिसळलेलं चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य), पाण्यात किंचित ओलसर करून. कोरडी भुकटी चोचीला चिकटते. ओलं खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. पुढे १६ ते १८ टक्क्यांवर या. जास्त प्रथिनं चालू ठेवली तर पंखांची टोकं बाहेर वळतात. कोंबड्यांच्या खाद्यात बदकांना पुरेल इतकं नायसिन, म्हणजे बी-३ व्हिटॅमिन, नसतं. ते कमी पडलं की पिल्लू गुडघ्यावर बसून राहतं, सांधे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. ते टाळायला किलोभर खाद्यात ३० ते ४० ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची भुकटी) रोज मिसळा. लंगडणं दिसलंच तर त्याच दिवशी पशुवैद्याकडून व्हिटॅमिनचा डोस घ्या. उशीर झाला तर पाय सरळ होत नाहीत.

बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड एक चिमूटही नको. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकांना फार लवकर मारतं. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने टर्की मोठ्या संख्येने मेल्या, त्यात बदकाची पिल्लंही होती. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा. पाव-बिस्किटंही नकोत. चिरलेली कोथिंबीर, अझोला, शिजवलेले मटार चालतील. हिरवं देत असाल तर सोबत बारीक खडीही ठेवा.

रात्री खोक्यावर अर्ध्या इंचाची जाळी बांधा, साधी कोंबडीजाळी नको, तिच्यातून घुशीचं पिल्लू आणि लहान मुंगूस आरामात शिरतं. डक प्लेग या बदकांच्या जीवघेण्या रोगाची लस साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान देतात. ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, कारण लहान कळपासाठी ती लगेच मिळेलच असं नाही.